डाव्या हाताचं रीळ

"डावा की उजवा?"... तुम्हाला सांगते, इथेच सगळं बिनसलं. मी काही दुकानात नवरा बदलून मागायला गेले नव्हते, मला हवं होतं साधं एक रीळ. बर्फात भोक पाडून मासे धरतात ना, त्या वीतभर काठीला लावायचं मुठीएवढं रीळ, दोरी सोडायची, दोरी गुंडाळायची, संपलं. आणि हा तेन्हो, दुकानाचा मालक, चष्मा कपाळावर चढवून मला विचारतो, "कौको कुठल्या हातानं फिरवतो गं, डाव्या की उजव्या?" आता एकेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला, कौको कुठल्या कुशीवर वळला की घोरतो ते मला ठाऊक, राय धान्याची भाकरी कुठल्या दाढेनं चावतो ते ठाऊक, पण रीळ कुठल्या हातानं फिरवतो? अहो, त्यानं जन्मात कधी रीळ फिरवलंच नाही, तर मला काय कप्पाळ ठाऊक असणार?

नाही, थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, हिल्क्का म्हातारपणी दुकानदारांशी भांडत फिरते. आमचा कौको तीस वर्षं जंगलात लाकूडतोड्या होता, यंत्राच्या करवतीवर. ती करवत अशी थरथरायची की संध्याकाळी जेवताना चमचासुद्धा ताटावर टकटक करायचा. तेव्हा हसायचो आम्ही. मग हळूहळू काय झालं, तर थंडी लागली की त्याची बोटं पांढरी पडायला लागली, मेणबत्तीसारखी, पार दुसऱ्या पेरापर्यंत, आणि त्यात जीव म्हणून राहीना. टाचणी टोचली तरी कळायची नाही. आमच्या भागात अशी बोटं घेऊन हिंडणारे पुष्कळ आहेत, कुणी त्याबद्दल बोलत नाही, सगळे आपले हात खिशात घालून उभे असतात.

आणि आमच्याकडची मासे धरायची पद्धत कशी, तर हातमोजा काढायचा आणि दोरी बोटांनी ओढायची, एक हात, मग दुसरा हात, खाली मासा कुजबुजला तरी म्हणे बोटांना ऐकू येतं. "रीळ म्हणजे," आमचा कौको म्हणायचा, "हेलसिंकीहून दोन दिवसांसाठी आलेल्या साहेबांचं काम." चाळीस वर्षं हेच म्हणत आला. तळ्यावर कुणाच्या काठीला रीळ दिसलं तर तो नमस्कारही करायचा नाही, नुसता खाकरायचा. मग अशा माणसानं कुठल्या तोंडानं रीळ घ्यावं, सांगा तुम्ही.

गेल्या मार्चात काय झालं ते मला त्यानं सांगितलं नाही, त्याच्या जोडीदारानं सांगितलं, आर्मासनं. दोघं पंचवीस वर्षं एकमेकांपासून दहा पावलांवर बसून मासे धरतात आणि त्या पंचवीस वर्षांत पंचवीस वाक्यं बोलले असतील. तर आर्मास म्हणाला, "कौकोला मासा लागला. वर आला. तोंडातला गळ काही सुटेना. पाच मिनिटं झाली, सात झाली. मी म्हटलं, दे इकडे. तो उठला, पेटी उचलली आणि घरी गेला." मासा? "मासा तिथेच ठेवून गेला." आणि घरी येऊन मला म्हणतो कसा, आज काही लागलं नाही.

मग नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, तळं गोठलं, सगळं गाव गिरमिटं घेऊन तळ्यावर, आणि आमचा कौको खिडकीत. मी म्हटलं, जायचं नाही का रे? "यंदा बर्फ काही खरा नाही." बरं. जानेवारी आला. त्या बर्फावरून लाकडाचे ट्रक जायला लागले हो, नांगरून रस्ता काढलाय, दोन्ही कडेला खुणेच्या काठ्या रोवल्यात. मी म्हटलं, कौको, ट्रक चाललेत. तो म्हणतो, "ट्रकवाल्यांना काय कळतंय. बर्फ काही खरा नाही." दुर्बीण लावून बसायचा दिवसभर. आर्मास चुकीच्या जागी बसला. आर्मासनं भोक फार लवकर सोडलं. आर्मासची टोपी नवी दिसते. आणि आर्मास जेवायला घरी गेला की याचं लक्ष माझ्याकडे. बटाटे जाड सोलतेस. झाकण नीट बसलेलं नाही. एक दिवस मी भावाकडे जाऊन आले तर यानं माझ्या मसाल्याच्या बरण्या उंचीप्रमाणे लावून ठेवलेल्या. उंचीप्रमाणे! मला वेलदोडा सापडायला दोन दिवस लागले.

तुम्ही हसताय, पण मी मनातून हसत नव्हते. याचे वडील, माझे सासरे, तेही एका हिवाळ्यात त्याच खिडकीत बसले होते. त्याच खुर्चीत. बर्फ वितळला, बदकं आली, तरी ते उठले नाहीत, आणि जूनमध्ये आम्ही त्यांना पोचवून आलो. काही आजार नव्हता त्यांना. नुसते बसले, आणि संपले. मला भीती वाटत होती, खरं सांगते. कौको जेवणही निम्मंच करायला लागला होता. म्हणून मी ठरवलं, त्या बोटांचं काही होणार नाही, पण रीळ असेल तर हातमोजा घालून फिरवता येईल, दोरीला हात लावायला नको. साधं एक रीळ घ्यायचं, गुपचूप घ्यायचं, पुढचं पुढे.

तर गेले तेन्होच्या दुकानात. आता तुम्हाला आम्ही सावो प्रांताची माणसं ठाऊकच आहोत, आम्ही कुणाला ताकास तूर लागू देत नाही. सरळ हो म्हटलं तर उद्या कुणीतरी येऊन म्हणेल, तूच हो म्हणालास ना? त्यापेक्षा बोलायचं असं की अर्थाची जबाबदारी ऐकणाऱ्याची. आणि तेन्हो तर त्यात गावात पहिला. मी विचारलं, "तेन्हो, चांगलं रीळ कुठलं?"

"चांगलं म्हणजे..." तो म्हणाला आणि छताकडे बघायला लागला. "हे आहे. ह्याला चांगलं म्हणणारेही आहेत."

"आणि न म्हणणारे?"

"तेही आहेत."

"आणि हे दुसरं?"

"हे वाईट आहे असं काही म्हणता येणार नाही."

"म्हणजे चांगलं आहे?"

"तसंही मी म्हणालो नाही."

तीन रिळं मांडली त्यानं माझ्यासमोर. एक उघडं, चाकासारखं. एक डब्यात बंद केलेलं, त्याला म्हणे सहा बेअरिंग. मी म्हटलं, सहा कशाला? म्हणे, "काही लोकांना सहा लागतात." कुठल्या लोकांना? "ज्यांना पाच पुरत नाहीत." आणि तिसरं लोखंडाचं, चकचकीत, हातात घेतलं तर बर्फाचा गोळाच. तिथे कॉफीच्या थर्मासशेजारी दोन म्हातारे कायमचे ठेवलेले असतात, दुकानातलं सामान असल्यासारखे, ते लागले बोलायला. एक म्हणतो, बंद डबा घेऊ नकोस, आतलं वंगण गोठतं, मग फिरवत बस. दुसरा म्हणतो, उघडं घेऊ नकोस, दोरीवर पाणी येतं आणि तेच गोठतं. पहिला म्हणतो, वंगण पुसून काढायचं. दुसरा म्हणतो, पुसून काढलं तर झिजतं. अर्धा तास, तुम्हाला सांगते, अर्धा तास ते एकमेकांशी नाही, माझ्या टोपीकडे बघून भांडत होते. मी म्हटलं, बाबांनो, मला लढाईवर जायचं नाही, साधं एक रीळ हवंय!

आणि तेव्हा तेन्होनं तो प्रश्न विचारला. डावा की उजवा. कारण म्हणे ह्याचा दांडा ज्या बाजूला असतो त्याच बाजूला राहतो. मी म्हटलं, बघून येते.

बघून येते म्हणाले खरी, पण बघणार कसं? विचारायची सोय नाही. विचारलं की तो म्हणणार, कशाला? आणि मी खोटं बोलले की माझी मान लाल होते, त्याला ठाऊक आहे ते. मग मी आठवडाभर स्वतःच्या नवऱ्यावर पाळत ठेवली. कॉफी ढवळतो उजव्या हातानं. सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, तापल्या दगडांवर पाणी टाकतो डाव्यानं. अंगणातला बर्फ उपसताना फावडं कधी असं, कधी तसं. दार उघडतो कोपरानं. एवढं एकटक मी त्याच्याकडे लग्नाआधीही बघितलं नव्हतं. शेवटी तोच म्हणाला, "काय गं, काय झालंय?" मी म्हटलं, काही नाही, बघते आपली. तो घाबरला बिचारा. दुसऱ्या दिवशी दाढी करून बसला.

मग मला सुचलं. लोकर! मी लोकरीची लडी काढली आणि म्हटलं, कौको, माझा खांदा दुखतोय, लडी मी धरते, तू गुंडाळ. एरवी तो धरतो आणि मी गुंडाळते, पण घेतली त्यानं. सुरुवात केली उजव्या हातानं. मी मनात म्हटलं, चला, उजवा. दहा-बारा वेढे झाले आणि लोकरीचा गुंडा खाली पडला. उचलला. पुन्हा पडला. स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटलेला होता, तरी. तिसऱ्यांदा पडला तो कोचाखाली गेला, आणि कौको ओणवा होऊन तो काढत असताना मी दुसरीकडे बघत राहिले. वर आला, हात बदलला आणि डाव्या हातानं सावकाश, एकेक वेढा घालत, सगळी लडी संपवली. तासभर लागला. "घे," म्हणाला. मी उठून कोठीच्या खोलीत गेले आणि मैद्याच्या पोत्यावर बसून थोडी रडले. मग डोळे पुसले आणि म्हटलं, डावा.

परत तेन्होकडे. म्हटलं, डाव्या हाताचं दे, लोखंडाचं नको, हातमोज्यात मावेल असा दांडा हवा. तेन्होनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाला, "हं." आणि काउंटरच्या खालच्या कप्प्यातून त्यानं एक लाकडाचा गोळा काढला, बर्च झाडाच्या लाकडाचा, सुपारीपेक्षा मोठा, लिंबापेक्षा लहान, गुळगुळीत घासलेला. रिळाचा मूळचा दांडा काढून तो बसवायला लागला. बसवताना त्याचे हात दिसले मला. दुकानात गरम होतं, तरी उजव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक. तोही दहा वर्षं करवतीवर होता, मी विसरलेच होते. मी विचारलं, "हा गोळा तू स्वतःसाठी केला होतास?" तो म्हणाला, "कुणासाठी तरी केला होता." बस. सावोचा माणूस. पण माझ्या हातात रीळ ठेवताना त्यानं ते क्षणभर सोडलं नाही, आणि म्हणाला, "कौकोला सांग... नाहीतर नको सांगूस."

मी काही सांगितलं नाही. रीळ काठीला लावून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं आणि कामाला लागले. तो आला, बसला, कॉफीचा कप रिळाच्या अलीकडे ठेवला, पेपर पलीकडे. प्यायला, वाचला, उठला. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या टेबलावर आमचा एक अदृश्य पाहुणा बसलाय असं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कुणीतरी काहीतरी विसरून गेलंय वाटतं." आणि मला काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं आहे ते."

"तुझं?"

"माझं. मी जाणार आहे मासे धरायला."

"तू."

"मी."

"तुला तर बर्फ आवडत नाही."

"आता आवडतो."

मान लाल झाली असणार माझी, पण वरून लोकरीचा गळपट्टा होता. आता बोलून बसले म्हटल्यावर जायला हवं! उणे चौदा होतं बाहेर. त्याचे जुने बूट घातले, त्याची पेटी घेतली, गिरमिट खांद्यावर, आणि बरोबर आमच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिले. दुर्बीण तिकडे आहे हे ठाऊक होतं मला. अर्ध्या चुका मी मुद्दाम करणार होते, पण देवाशपथ सांगते, मुद्दाम करायची वेळच आली नाही. गिरमिट मी उलटं फिरवत होते, वीस मिनिटं, आणि म्हणत होते, काय हा बर्फ, अगदी दगड! मग कसंबसं भोक पडलं, तर त्यात माझा हातमोजा पडला. दोरी सोडली ती वाऱ्यावर उडून माझ्याच टोपीला अडकली. गळ टोपीत, काठी हातात, मी आपली स्वतःलाच धरून उभी. पन्नास मिनिटं झाली. तासाला दहा मिनिटं वर झाली. मी म्हटलं, कौको, अरे मेल्या, मी मेल्यावर येणार आहेस का?

आणि मग दिसला. बर्फावरची ढकलगाडी पायानं रेटत येत होता, सावकाश, जसं काही सहज तिकडून चाललाय. आला, उभा राहिला, भोकाकडे बघितलं.

"इथे कोण भोक पाडतं?"

"मी पाडते."

"इथे खाली दगड आहेत."

"मला दगड आवडतात."

त्यानं गिरमिट घेतलं, वीस पावलं चालत गेला आणि काही न बघता एका जागी भोक पाडलं. मोजून एका मिनिटात. पेटी तिथे नेली, बसला, आणि हात पुढे केला. "दे इकडे. असं नसतं धरायचं." मी काठी दिली. आता त्याचा हात त्या लाकडाच्या गोळ्यावर गेला. जाड हातमोज्यातला. डावा. थोडा वेळ तो गोळा नुसताच चाचपला त्यानं.

"हे डाव्या हाताचं आहे," म्हणाला.

"मला डाव्यानंच बरं पडतं."

"हं."

दोरी सोडली. बसलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग काठीचं टोक एवढंसं हललं, आणि तो फिरवायला लागला, न घाई, न गडबड, आणि वर आला पट्ट्यापट्ट्यांचा पर्च, हातभर नाही म्हणणार मी, पण वीतभर नक्की. मासा बर्फावर उड्या मारतोय आणि कौको त्याच्याकडे बघतोय. हात काही पुढे करेना. मग मला कळलं. गळ. मी हातमोजा काढला, मासा धरला, बुळबुळीत, शी, आणि गळ ओढून काढला, थोडा माझ्या अंगठ्यातही घुसला. असे अकरा धरले त्या दिवशी. परत निघताना तळ्याच्या मध्यावर उभा राहून त्यानं एकदा चहूकडे बघितलं आणि म्हणाला, "बर्फ बरा आहे."

तुम्हाला वाटेल, झालं, सुटली हिल्क्का. आता हा रोज तळ्यावर जाईल, ही घरात निवांत मोजे विणेल. मलाही तेच वाटलं होतं! पण दुसऱ्या दिवशी आर्मास आला भोकाजवळ, रिळाकडे बघितलं, खाकरला. आणि कौको अगदी शांतपणे म्हणतो, "हिल्क्काचं आहे. तिला हातानं ओढायला जमत नाही. मी आपला धरून बसतो." आर्मासनं मान हलवली. बायकोला मदत करणाऱ्या माणसाला काय बोलणार? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तुम्हाला सांगते, आणि मी पेटीवर बसल्या जागी थिजले. रीळ माझं. म्हणजे मी असेन तरच रीळ. मी घरी राहिले तर तो रीळवाला म्हातारा, मी शेजारी असले तर नवरा. आणि माशाच्या तोंडातला गळ तर मलाच काढायचाय, तो काही आर्मासकडे मासा पुढे करणार नाही, मेला तरी नाही.

तेव्हापासून रोज. रोज! सकाळी नऊला तो बूट घालून दारात उभा. "चल," म्हणतो, "तुला जायचं असेल ना." मी तीन लोकरी पायजमे चढवते, त्यावर त्याची विजार, आणि जाते. बोलायचं नाही, मासे ऐकतात म्हणे. मी! चार-चार तास न बोलता! माझं विणकाम पडलंय, गुडघे वाजतात, नखांखाली खवले, घराला माशांचा वास, शेजारणीला मासे देऊन देऊन आता ती मला बघितलं की दिवा मालवते. पण जेवण पूर्ण करतो हो. दोनदा वाढून घेतो. खिडकीतली खुर्ची मी परवा माडीवर नेऊन टाकली, त्याला अजून पत्ता नाही.

बर्फ एप्रिलच्या अखेरपर्यंत टिकतो. मी दिवस मोजायचे सोडून दिलेत. काल घरी आलो, मी स्टोव्हपाशी बसून पायाची बोटं सापडतात का बघत होते, तर हा माझ्याकडे बघून मान हलवत म्हणतो, "हिल्क्का, या वयात तुला मासेमारीचं असं वेड लागेल, वाटलं नव्हतं." आता काय बोलणार? म्हटलं, "मलाही नव्हतं वाटलं रे." आणि दोघांचे मोजे वाळत घातले.